एसटीचं कौतुक पुरे, आबांचं कामकाज वाचा

प्रति,
विधानसभेवर पहिल्यांदाच निवडून गेलेले ग्रामीण भागातले सर्व सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा, मुंबई.

सस्नेह नमस्कार.

निवडून आल्यापासून तुमचे किती सत्कार झाले याचा हिशेब तुमच्या स्वीय सहायकाकडेही नसेल. आमच्या सोलापूर-सांगली पट्ट्यात तर बहुतेक प्रत्येक व्यासपीठावर एखाद्या जुन्या माणसानं माइक हातात घेऊन सांगितलंच असेल की आमदार व्हायचं तर सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांसारखं, म्हणजे आबांसारखं व्हा. मग एसटीची गोष्ट. लाल डबा, खिडकीजवळची जागा आणि तिथं बसलेला अकरा वेळा निवडून आलेला माणूस. टाळ्या. मग तुम्हीही भाषणात "आबांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवून" असं म्हणालात, खाली उतरलात आणि फॉर्च्युनरमध्ये बसलात.

माझी फॉर्च्युनरबद्दल तक्रार नाही. तीन लाखांच्या आसपास मतदार, एका टोकाचं गाव दुसऱ्या टोकापासून दोन तासांवर, त्यात एका दिवसात चार लग्नं आणि दोन दहावे. गाडी लागणारच. आमदाराला एसटीत जागा राखीव असते आणि प्रवास मोफत असतो. तरी उद्यापासून तुम्ही सगळे एसटीनं फिरू लागलात तर फार तर फोटो चांगले येतील. हे पत्र त्या गोष्टीविरुद्ध आहे. गोष्ट खरी आहे, पण तिनं एका मोठ्या कारकिर्दीवर पांघरूण घातलं आहे. साधेपणाचं कौतुक करायला काही लागत नाही. तुम्हाला नाही, आम्हालाही नाही. साधेपणाच्या गोष्टी सांगून झाल्या की त्या माणसानं सभागृहात पन्नास वर्षं बसून नेमकं काय केलं, हे विचारायची गरजच उरत नाही.

मी माणदेशातला शेतकरी. थोडी डाळिंबाची बाग आहे, तीही तेल्यातून आणि मर रोगातून जेवढी वाचली तेवढी. आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) सभासद मी कधी नव्हतो आणि आजही नाही. एवढं आधी सांगितलेलं बरं, नाहीतर पत्राच्या तिसऱ्या ओळीला "हा कोणाचा माणूस" असं विचारलं जातं.

आधी नुसता आराखडा बघा. जन्म १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. पुण्यात वकिलीचं शिक्षण, मग सांगोल्यात वकिली. १९६२ ला पहिल्यांदा आमदार. १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पराभव, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा पराभव, तोही दोनशेपेक्षा कमी मतांनी. मग १९९९, २००४, २००९, २०१४. अकराच्या अकरा वेळा सांगोला आणि अकराच्या अकरा वेळा शेकाप. २०१९ ला वयामुळे उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले.

(मोबाइलवर "देशातला एकमेव विक्रम" म्हणून जे फिरतं ते तेवढं पुढे पाठवू नका. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा निवडून गेले होते. आबांना विक्रमाची गरज नाही.)

या यादीत एक गोष्ट पटकन डोळ्यांत भरत नाही. सुमारे पन्नास वर्षांच्या आमदारकीत मंत्रिपद दोनदाच आलं. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या सरकारात, ते सरकार दोन वर्षंही टिकलं नाही. आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात. २००२ मध्ये शेकापनं पाठिंबा काढला तिथं तेही संपलं. दोन्ही मिळून पाच वर्षं भरत नाहीत. बाकीचा सगळा काळ समोरच्या बाकावर. त्यात १९७७-७८ चं विरोधी पक्षनेतेपद आलं, पण उरलेली वर्षं एका छोट्या पक्षाचा एक सदस्य म्हणूनच गेली.

आणि इथंच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात पक्ष बदलताना, गट बदलताना, रातोरात राज्याबाहेर जाताना एकच वाक्य ऐकू येतं : "मतदारसंघाच्या विकासासाठी निर्णय घेतला." निधी मिळत नव्हता, कामं अडली होती, जनतेला काय तोंड दाखवणार. योगायोग असा की जून २०२२ ला गुवाहाटीहून "काय झाडी, काय डोंगार" म्हणणारे शहाजीबापू पाटीलही सांगोल्याचेच आमदार. त्यावरून एसटी आणि हॉटेल अशी जोडी लावून हजारो विनोद झाले. मला त्या जोडीत फार रस नाही. शहाजीबापूंच्या बाजूनं एक गोष्ट कुणी बोलत नाही. १९९५ ला आबांना हरवणारे तेच. पुढे पडले, पुन्हा उभे राहिले, आणि २०१९ ला आबांच्या नातवाला ७६८ मतांनी हरवून पुन्हा आमदार झाले. एवढा दम धरून एकाच तालुक्यात लढत राहणंही सोपं नाही. २०२४ ला ते पडले आणि आबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख निवडून आले. आजच्या सभागृहात शेकापचे ते एकटेच.

प्रश्न व्यक्तीचा नाही, त्या वाक्याचा आहे. सत्तेबाहेर राहून मतदारसंघाचं काही होत नाही, हे खरं आहे का?

तुमच्या हातातला आमदार स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. त्यातून काय होतं ते तुम्ही जाणता : सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे, स्मशानभूमीची शेड, एखादी व्यायामशाळा. वाईट काहीच नाही. सत्तेत असलात तर ठोक तरतुदीतून आणखी काही कोटी, रस्त्याची दोन-तीन मोठी कामं. तेही घ्या. पण दुष्काळी तालुक्याचं नशीब यातल्या कशानंही बदलत नाही. ते बदलतं नदीच्या पाण्यात तुमच्या तालुक्याचा वाटा कागदावर मान्य झाला की. त्यावर योजना मंजूर झाली, तिच्या लेखाशीर्षात दरवर्षी पैसे पडले, पंपांच्या वीजबिलाचं ठरलं आणि कालवा शेवटच्या गावापर्यंत खोदला गेला की. यातलं कुठलंच काम एका सरकारच्या काळात होत नाही. सरकारं बदलतात, मंत्री बदलतात, सचिव बदलतात, फाइल मात्र तीच राहते. तिच्यामागे तीस वर्षं लागून राहील असा एक माणूस लागतो. तो सत्तेत असला तर बरंच, पण तो जागेवर असावा लागतो.

आमच्या भागाचंच बघा. माणदेश म्हणजे सांगोला, आटपाडी, माण, जत, आजूबाजूचा पट्टा. सह्याद्रीवर बदाबदा पडणारा पाऊस इथं येईपर्यंत संपलेला असतो. माण नदीचं पात्र वर्षातला बराच काळ वाळूचं. पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या आत कृष्णा वाहते, पण ती खाली आणि आम्ही वर. पाणी उपसून चढवल्याशिवाय मिळणार नाही हे लहान पोरालाही कळत होतं. बच्छावत लवादानं १९७६ ला कृष्णेच्या पाण्याचे वाटे ठरवले, महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) दिलं आणि ३१ मे २००० ही तारीख घातली. त्यानंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकत होता. पुढची वीस वर्षं ते पाणी अडवायला लागणारी धरणं आणि उपसा योजना रेंगाळल्या. जिथं कारखाने होते आणि मंत्री होते, तिथं कालवे आधी पोचले. यात कट वगैरे नव्हता. ज्याचा आवाज मंत्रालयात ऐकू जातो त्याचं काम आधी होतं, एवढंच.

१९९३ ला आटपाडीत पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी पुढे होते. प्रतिसरकारातला माणूस, वाळव्यात हुतात्मा कारखाना उभा केलेला. त्यांच्या बरोबरीनं गणपतराव देशमुख आणि डॉ. भारत पाटणकर. कृष्णा खोऱ्यातले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. मागणी नुसती "पाणी द्या" एवढी नव्हती. पाणी समन्यायी वाटा, ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही त्यात हक्क द्या, असं ते म्हणत होते. परिषद वर्षानुवर्षं भरत राहिली. अण्णा २०१२ ला गेले, तरी थांबली नाही. या तेरा तालुक्यांचे आमदार वेगवेगळ्या पक्षांचे होते आणि एरवी एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्या.

१९९६ ला शिवसेना-भाजप युती सरकारनं कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोखे उभारले, कामं धडाक्यात सुरू झाली. २००० ची तारीख डोक्यावर होतीच. टेंभू योजना त्याच काळातली : कराडजवळ, आगरकरांच्या जन्मगावी, कृष्णेवर बॅरेज आणि तिथून टप्प्याटप्प्यानं २२ टीएमसी पाणी उपसून कडेगाव, खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे. मग पैसे संपले, कामं थांबली, पुन्हा सुरू झाली. पंप बसले तर वीजबिल कोण भरणार यावर वर्षं गेली. शेवटी ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं असं सूत्र निघालं. या सगळ्या काळात सांगोल्याचे आमदार कधी विरोधात होते, कधी आमदारच नव्हते, तीनेक वर्षं मंत्री होते. पाणी परिषद भरली त्यानंतर दोनच वर्षांनी ते निवडणूक हरले. चार वर्षं पद नव्हतं. परिषद चालू होती.

सभागृहात बसून हे कसं करायचं, हे सत्काराच्या भाषणात कुणी सांगत नाही म्हणून इथं लिहितो. तुम्हाला प्रशिक्षण वर्गात सांगितलं असेल, पण त्या वर्गात निम्मी मंडळी फोनवर असतात असं ऐकतो.

तारांकित प्रश्नाचं छापील उत्तर तुम्ही पाहिलं असेलच. "(१) हे खरे आहे काय?" खाली उत्तर : "अंशतः खरे आहे." "(२) असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" "प्रश्न उद्भवत नाही." बहुतेक सदस्य इथं चिडतात, मोकळ्या जागेत येऊन घोषणा देतात, बाहेर कॅमेऱ्यासमोर बोलतात आणि विषय संपतो. जुना सदस्य चिडत नाही. "अंशतः" म्हणजे किती, हे तो उपप्रश्नात विचारतो. समाधान झालं नाही तर अर्धा तास चर्चा मागतो. मंत्री उठून म्हणतात, "सहा महिन्यांत काम पूर्ण करण्यात येईल." त्या क्षणी ते आश्वासन होतं, कार्यवाहीत नोंदलं जातं आणि आश्वासन समितीच्या यादीत जातं. समिती खात्याला विचारत राहते. सहा महिन्यांनी, वर्षानं, तीन वर्षांनी. मंत्री बदलला तरी आश्वासन खात्याच्याच अंगावर असतं. मार्चमध्ये त्या खात्याची मागणी मतदानाला येते तेव्हा कपात सूचना देता येते. पुरवणी मागण्यांत तुमच्या योजनेला शून्य असेल तर ते शून्य दाखवून देता येतं. लोकलेखा समितीत महालेखापरीक्षकांचा अहवाल असतोच. यातल्या एकाही हत्याराला सत्तेत असावं लागत नाही. लागतं ते सभागृहात बसणं आणि मागच्या वेळी मंत्री काय म्हणाले होते हे लक्षात असणं.

अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख आठवून बघा. पदवीधरांचे प्रतिनिधी, विधान परिषदेत १९८० ते २०१०. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषावर ते बोलायला उभे राहिले की सचिवांना कागद चाळावे लागत. ग्रामीण मतदारसंघ नव्हता, पण विहिरीतल्या पाण्याचा प्रश्न आकड्यांत कसा मांडायचा हे त्यांच्याकडून शिकावं. तिसरं नाव वि. स. पागे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी आपल्या भागात आधी रोजगार हमीचा छोटा प्रयोग केला, मग सरकारच्या गळी उतरवला, आणि १९७२ च्या दुष्काळात ती रोजगार हमी राज्यभर गेली. १९७७ ला कायदा झाला. त्यासाठी पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून आजही दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, त्याला कारण माणदेशातल्या खडी फोडणाऱ्या बाया आहेत हे त्याला कुणी सांगत नाही. पुढे केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा झाला, त्याची मुळं इथली. आबांनी मंत्री म्हणून जी खाती सांभाळली त्यात हे रोजगार हमीचं खातं होतं. १९७२ ला तो दुष्काळ पडला तेव्हा ते नुकतेच निवडणूक हरलेले होते.

आता दुसरी बाजू. ती लिहिली नाही तर हे पत्र पुतळ्याच्या अनावरणातलं भाषण होईल. आणि पुतळा तर २०२३ ला बसलाच आहे, सगळ्या पक्षांच्या साक्षीनं.

आमच्या पट्ट्यात एक आरोप नेहमी ऐकू येतो. आबा काँग्रेसमध्ये गेले असते तर सांगोल्याला पाणी वीस वर्षं आधी आलं असतं. त्यांच्या निष्ठेची किंमत तालुक्यानं भरली. हा आरोप मी उडवून लावत नाही. शेजारच्या तालुक्यांत मोठे नेते होते, त्यांच्याकडे ऊस उभा राहिला तेव्हा आमच्याकडं टँकर होते. पन्नास वर्षं एक अभ्यासू आमदार असूनही २०१९ च्या उन्हाळ्यात सांगोल्यात जनावरं चारा छावण्यांत दावणीला होती. हे दिसत असताना "विरोधात राहूनही सगळं होतं" असं मी म्हणालो तर तुम्ही मला वेड्यात काढाल. सगळं होत नाही. उशीर होतो, आणि उशिराची किंमत माणसं स्थलांतरानं मोजतात. माणदेशातली किती घरं सोनं-चांदी गाळण्याच्या गलाई कामासाठी देशभर पांगली, याचा हिशेब कुठल्याच योजनेच्या किमतीत धरलेला नाही.

पण उलट बाजूनं विचारा. याच पट्ट्यात सत्तेतले आमदारही होऊन गेले. त्यांच्या तालुक्यांत पाणी केव्हा आलं? तेही त्याच सुमाराला, त्याच टेंभूमधून नाहीतर म्हैसाळ या कृष्णेवरच्याच दुसऱ्या उपसा योजनेतून. सत्तेतल्याला सभामंडप जास्त मिळाले. कृष्णेचं पाणी सगळ्यांना बरोबरच, म्हणजे सारखंच उशिरा मिळालं. जिथं तेरा तालुके एकत्र येऊन ढकलत होते तिथं गाडी हलली. मला यावरून जे दिसतं ते असं : छोट्या कामांना सत्ता लागते, मोठ्या कामांना मुदत लागते. अर्थात सत्ता आणि मुदत दोन्ही मिळालेला आमदार असेल तर त्यानं हे पत्र इथंच ठेवावं.

त्यांचा पक्ष आटत गेला हेही खरं. रायगड, सांगोला, मराठवाड्यातले एक-दोन मतदारसंघ, एवढंच उरलं. आबांनी सांगोला राखला पण शेजारच्या तालुक्यात दुसरा गणपतराव उभा केला नाही. शेवटी वारसा घरातच गेला, लोकांनी मतं देऊन दिला हे मान्य, पण घरातच गेला. जातीचं गणितही होतं. तालुक्यात धनगर समाज मोठा आणि आबा त्या समाजाचे. फक्त त्या गणितानं माणूस अकरा वेळा येत नाही, आणि त्या गणितानं येत असता तर दोनदा पडलाही नसता.

सूतगिरणीबद्दल थोडंसं. राज्यातल्या कितीतरी सहकारी सूतगिरण्यांची यंत्रं भंगारात गेली, जमिनी बँकांकडे गेल्या. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी दुष्काळी तालुक्यात असून चालत राहिली आणि चांगली चालवलेली म्हणून तिचं नाव झालं. याचं श्रेय साधेपणाला देतात. साधा माणूसही संस्था बुडवू शकतो, तशी उदाहरणं तुमच्या-माझ्या जिल्ह्यात आहेत. संस्था टिकते ती हिशेब वेळेवर बघितल्यानं आणि नोकरभरतीत पाहुणे न घुसवल्यानं.

तुमच्या वाट्याला आलेलं सभागृह त्यांच्यापेक्षा वाईट आहे, हे मला कबूल आहे. त्यात तुमचा दोष नाही. २०२४ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं सहा दिवसांत आटोपलं. १५ तारखेला मंत्र्यांनी शपथ घेतली आणि खातेवाटप झालं ते अधिवेशनाचा शेवटचा दिवस सरल्यावर. म्हणजे सहा दिवस सभागृहात मंत्री होते, पण कोणता मंत्री कुठल्या खात्याचा हे त्यांनाही माहीत नव्हतं. प्रश्न कुणाला विचारणार? नागपूर कराराच्या नावानं सगळं सरकार तिकडं नेतात आणि विदर्भाच्या पदरात मोर्चे आणि हुरडा पार्ट्या. महायुतीचे २३० आमदार एका बाजूला आणि समोर विरोधी पक्षनेतेपद मिळण्याइतकं संख्याबळ कुणाकडेच नाही. अशा सभागृहात सत्ताधारी पक्षाचा सदस्य आपल्याच मंत्र्याला अडचणीचा प्रश्न विचारत नाही आणि विरोधी सदस्याला वेळ मिळत नाही.

तरीही सत्तेतल्या तरुण आमदारांना सांगतो, प्रश्न विचारायला विरोधात असावं लागतं असा नियम नाही. १९७० च्या दशकात काँग्रेसच्याच सदस्यांनी काँग्रेसच्याच मंत्र्यांना दुष्काळावरून धारेवर धरलेलं आहे. कार्यवाही काढून वाचा.

आणि आम्ही मतदार. आमच्याविषयी लिहायचं टाळलं तर अप्रामाणिकपणा होईल. अधिवेशन चालू असताना तुम्ही गावच्या लग्नाला आला नाहीत तर आम्ही रुसतो. ट्रॅक्टरची पूजा, पोराचा वाढदिवस, पतसंस्थेची फीत, सगळीकडे आमदार पाहिजे. ट्रान्सफॉर्मर जळाला की आमदाराला फोन, पोलीस ठाण्यात भांडण गेलं की आमदाराला फोन. आम्ही तुम्हाला तालुक्याचा सगळ्यात मोठा ग्रामसेवक करून टाकलं आहे. पाच वर्षांत तुम्ही किती तारांकित प्रश्न विचारले हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. तेव्हा सभागृहात बसलात तर मतं वाढतील अशी लालूच मी दाखवू शकत नाही. लग्नं चुकवून हरलात तर हे पत्र पुढं करू नका.

फक्त एक सवय लावून घेता आली तर बघा. तुमच्या तालुक्याचा एकच विषय निवडा. पाणी असेल, कांदा असेल, ऊसतोड मजुरांची पोरं असतील, रोजगार हमीचं थकलेलं वेतन असेल. एकच. त्या विषयावर आजवर सभागृहात कोण काय बोललं, कुठल्या मंत्र्यानं कोणतं आश्वासन दिलं, ते विधानमंडळाच्या ग्रंथालयात बसून काढा. तिथं १९६२ च्या पुढची कार्यवाही आहे. आबांची भाषणं, शेकापच्याच कृष्णराव धुळपांची, एन. डी. पाटलांची, मृणाल गोऱ्यांची. सगळं नाही वाचलं तरी चालेल. तुमच्या मतदारसंघाच्या आधीच्या आमदाराचं तरी वाचा, तो तुमच्या विरोधी पक्षाचा असला तरी. त्यानं अर्धवट सोडलेला प्रश्न तुम्हाला तिथं सापडेल.

त्यातून वेळ काढून माणदेशातल्या आणि आसपासच्या सदस्यांनी माझं एक काम करावं. येत्या अधिवेशनात एक तारांकित प्रश्न द्या : टेंभू आणि म्हैसाळ योजनांच्या शेपटाकडच्या गावांना गेल्या उन्हाळ्यात ठरलेली आवर्तनं (पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती होती, मिळाली किती, प्रत्येक आवर्तन किती दिवस चाललं, आणि वीजबिलाच्या थकबाकीसाठी पंप किती दिवस बंद राहिले. गाववार. सरासरी नको, सरासरीत आमची गावं कायम पाण्यात असतात. सोडतीत प्रश्न मागं पडला तर अतारांकित म्हणून लेखी उत्तर घ्या. "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं उत्तर आलं तर पुढच्या अधिवेशनात पुन्हा द्या, आणि आटपाडीचा, सांगोल्याचा, जतचा, मंगळवेढ्याचा असे चार वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य असाल तर चौघांच्या सह्यांनी द्या. उत्तराचा कागद हाती आला की त्याची एक प्रत प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कुठलं आवर्तन खरं आणि कुठलं कागदावरचं, ते लोक वाचून तुम्हाला सांगतील.

कळावे,
आपला,
माणदेशातला एक मतदार